मागच्या सीटवरून बोलता येत नाही

विमान बिचारं निष्पाप होतं. जे काही पाप होतं ते वेंडेल टॅकेटच्या जिभेचं.

हार्लो गावाबाहेर, गव्हाच्या शेतांच्या मधोमध गवताची धावपट्टी होती आणि तिच्या टोकाला पत्र्याचं हँगर. त्यात ते उभं असायचं. निळं धड, पिवळे पंख, वर दोन आणि खाली दोन, मधे तारांची ओढाताण. नाकावर सात सिलिंडरांचं उघडं इंजिन, आणि त्याखाली कायमचा मांडलेला ट्रे, कारण ते तेल गाळायचं. "गळतंय तोवर चिंता नाही," डब प्रुइट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "गळायचं थांबलं की समजा, आतलं संपलं." डब हा वेंडेलचा भागीदार, शाळेपासूनचा दोस्त आणि फुकटचा टीकाकार. दोघांनी हे विमान एका कोठारातून ओढून बाहेर काढलं तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. या विमानाची शेवटची इमानदार वैमानिक तीच, असं डबचं मत होतं.

खरा इतिहास म्हणाल तर चार-पाच वाक्यांत आटपतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला शेजारच्या कॅन्ससमध्ये, विचिटाला ते बांधलं. इंग्लंडच्या आकाशात तेव्हा शिकायला जागा उरली नव्हती, म्हणून तिकडची पोरं जहाजांत भरून इकडे ओक्लाहोमात आणली आणि ती या विमानात धडपडत उडायला शिकली. युद्ध संपल्यावर सरकारनं असली विमानं जुन्या ट्रॅक्टरच्या भावात फुंकून टाकली. याच्या पुढच्या सीटच्या जागी औषधाची टाकी बसली आणि पुढची कित्येक वर्षं ते कापसावर फवारणी करत फिरलं. मग कोठार आणि कोंबडी.

असला इतिहास ऐकायला कोण कशाला वाकडी वाट करेल? लोक यायचे ते फळीसाठी.

टाकी काढून पुढची सीट परत बसवत दोघे विमान दुरुस्त करत होते तेव्हा मागच्या सीटपुढची, पाय ठेवायची लाकडी फळी वेंडेलनं घासायला घेतली. जुन्या औषधाची पुटं निघाली आणि खालून चाकूनं कोरलेली अक्षरं वर आली. आधी एकटं 'जी', मग एका बाजूला कललेला बदाम, आणि पुढे अख्खं नाव, लोरीन.

पहिल्यांदा एका शाळेच्या बाईंनी विचारलं, "ही लोरीन कोण हो?" वेंडेल म्हणाला, "त्या पोराची कोणी असेल." इथवर ठीक होतं. पण पुढच्या शनिवारी कोणीतरी विचारलं, "मग काय झालं त्यांचं?" आणि वेंडेलनं उचलली जीभ, लावली टाळ्याला. 'जी' म्हणजे जेफ्री, इंग्रज तसंच लिहितात, असं पोराचं नाव ठरलं. निरोपाच्या दिवशी त्यानं एकट्यानं विमान काढलं आणि लोरीनच्या बापाच्या शेतावरून इतकं खाली आणलं की गव्हाच्या ओंब्या लवल्या. पत्र लिहीन असं वचन दिलं. मायदेशी पोचला, पहिल्याच मोहिमेवर गेला आणि समुद्रात पडला. पत्र खिशातच राहिलं.

ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की गोष्टीला पाय फुटतात. दर शनिवारी दुपारी तीनला वेंडेल विमानाच्या पंखाला टेकून उभा राहायचा, टोपी काढायचा आणि जेफ्रीला मारायचा. बायका नाक पुसायच्या, पुरुष उगाच इंजिनाकडे बघायचे, आणि दाराजवळचा कॉफीचा डबा नोटांनी भरायचा. पंखांवरचं नवं कापड त्यातूनच चढलं. "आज कुठे बुडवणार?" डब आधी हळूच विचारायचा. "जरा किनाऱ्याजवळ बुडव रे, मागच्या खेपेला फार थंडी होती पाण्यात."

वेंडेलला हे खोटं असं कधी वाटलंच नाही. तिकडची इतकी पोरं मेली, त्यांतला एखादा तो असेलच की, असं तो मनाला सांगायचा. आणि फळी तर खरी होती.

मग जूनमधल्या एका शनिवारी, कापणी उरकून शेतं रिकामी झाली होती तेव्हा, एक गाडी हँगरच्या दाराशी थांबली. चालवत होती कार्ला नावाची चाळिशीची बाई. महिन्यापूर्वी ती गोष्ट ऐकून गेली होती, रडली होती, डब्यात नोटही टाकली होती. तिच्या शेजारून एक म्हातारी उतरली. सत्तरीची, उन्हानं रापलेली, पाठीचा कणा कुंपणाच्या खांबासारखा ताठ. एका हातात पीचच्या 'पाय'चं, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचं ताट, दुसऱ्यात झिनियाची फुलं आणि गव्हाच्या ओंब्या यांची सुतळीनं बांधलेली जुडी.

"वेंडेल टॅकेट तूच का?"

"हो, मॅम."

"मी लोरीन. तुझ्या फळीवरची." तिनं 'पाय'चं ताट त्याच्या हातात दिलं. "ही कार्ला माझी भाची. तिच्याकडून सगळं कळलं. नाव तेवढं तू चुकीचं सांगतोस हं. जेफ्री नाही, ग्रॅहम. पण पन्नास वर्षांनी एवढं इकडचं तिकडे व्हायचंच."

हे ती इतक्या मायेनं म्हणाली की वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. डब तिकडे तंबाखू चघळत होता, तो चघळायचा थांबला.

तिला फळी बघायची होती. खालच्या पंखावर चढताना तिनं कोणाचा हात घेतला नाही. मागच्या कॉकपिटमध्ये वाकून तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, बदामावर जरा जास्तच वेळ. "त्याचाच," ती म्हणाली. "बदाम काढला की असा कलायचाच. मी त्याला म्हणायचे, तुझं हृदय दारू प्यायल्यासारखं दिसतं."

जेवणं हँगरच्या सावलीत होती. शनिवारी प्रत्येक जण घरून काहीतरी आणायचा. तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, बर्फ घातलेला चहा. लोरीनबाईंनी फारसं खाल्लं नाही. त्या बोलत राहिल्या आणि वेंडेल कानकोंडा होऊन पेपर प्लेटीच्या कडा दुमडत बसला.

"तो गेला आणि एक ओळ आली नाही," त्या म्हणाल्या. "मी रोज टपालपेटीपर्यंत चालत जायचे. शेवटी आई म्हणाली, पोरी, पुरे आता, वाटेवरचं गवत मेलं. गावातल्या बायका म्हणायच्या, परदेशी पोरगा, दोन घटका हसला, खेळला, गेला. मीही तेच धरून चालले. जन्मभर, वेंडेल. आणि मग ही कार्ला सांगत आली की तो मेला. मला काय वाटलं सांगू? देव मला क्षमा करो, मला आनंद झाला."

कार्लानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्या आमच्या चर्चमध्ये पास्टर त्याचं नाव वाचणार आहेत. लढाईत गेलेल्या आमच्या गावच्या पोरांच्या ओळीत. मी विचारलं, परक्याचं चालेल का? ते म्हणाले, तुमच्यासाठी चालवून घेऊ."

"लोरीनबाई," वेंडेल कसाबसा म्हणाला, "त्या गोष्टीतलं काही काही... म्हणजे आम्हालाही सगळं नक्की..."

"नाव सोडलं तर सगळं बरोबर आहे रे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातावर थोपटलं. त्या थोपटण्यानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तो प्लेट टाकायच्या निमित्तानं उठला.

डबनं त्याला हँगरच्या मागे गाठलं. "सांग तिला."

"तू सांग."

"मी? पोराला बुडवला कोणी? मी नुसता कुठे ते विचारायचो." डब थुंकला. "हसायचो, म्हणजे अर्धं पाप माझ्या माथी, कबूल. पण तोंड तुझं होतं."

"उडून आल्यावर सांगतो. फुलं टाकायची आहेत तिला, नदीवर. तेवढं होऊ दे."

"वेंडेल, उद्या सकाळी त्याला मेलेल्यांत वाचणार आहेत! तो आत्ता कदाचित इंग्लंडात बसून नातवंडांवर खेकसत असेल."

"सांगतो म्हटलं ना!"

"तुझं 'सांगतो' मला ठाऊक आहे. तुझी बायको याच 'सांगतो'ची वाट बघून दमली होती."

या विमानात पाहुण्याला मागे बसवायचं, हा दोघांचा नेम होता. शिकणारी पोरं मागेच बसायची, गुरुजी पुढे. पुढच्या माणसाकडे एक रबरी बोलनळी, तोंडाशी धरायची. तिचं दुसरं टोक मागच्याच्या चामडी टोपीत, दोन्ही कानांशी. गुरुजी बोलणार, पोरगा ऐकणार. पोराला उलट बोलायची सोयच नव्हती, आणि ही सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती. पोरानं ऐकलं की नाही ते कळायला वरच्या पंखाखाली एक आरसा. ऐकलं की डोक्यावर हात ठेवायचा, गुरुजी आरशात बघणार.

"कळलं?" लोरीनबाईंच्या टोपीचा पट्टा बांधत वेंडेलनं विचारलं.

त्यांनी लगेच डोक्यावर हात ठेवला आणि पोरीसारख्या हसल्या. "ग्रॅहम म्हणायचा, सगळ्या नवऱ्यांना अशी टोपी घालायला हवी."

डबनं बाजूला लोखंडी हँडल लावलं आणि फिरवायला लागला. आतलं जड चाक कण्हत, मग किंचाळत वेगात आलं. डब ओरडला, वेंडेलनं खटका ओढला, आणि सातही सिलिंडर एकेक करून खोकत जागे झाले. निळसर धूर मागे गेला. गवतावरून शेपूट उचललं, आणि ते वर आले.

खाली कापलेली शेतं, लाल माती, कुठे गुरांचं तळं. "उजवीकडे जुनी शाळा दिसतेय?" वेंडेल नळीत म्हणाला. आरशात हात डोक्यावर. "तिथून पुढे तुमच्या वडलांचं शेत असणार." हात डोक्यावर, आणि तो तिथेच राहिला. म्हातारीचा चेहरा गॉगलखाली उजळला होता. वेंडेलनं इतकी वर्षं लोकांना रडवलं होतं, पण असं सुखी कोणाला केलं नव्हतं, आणि तेच त्याला सोसवेना.

सिमरॉन नदी आली. उन्हाळ्यात तिच्यात पाणी कमी, वाळूच जास्त. त्यानं इंजिन मंद केलं, विमान कलतं केलं. लोरीनबाईंनी जुडी बाहेर धरली. ओठ हलले, काय म्हणाल्या ते वाऱ्यानं नेलं. हात सुटला, आणि फुलं मागे, खाली, वाळूच्या बाजूला गेली.

सांगायचं होतं तर ते आधी सांगायचं होतं. फुलं हातात होती तेव्हा, जमिनीवर, तोंडासमोर. हे वेंडेलला पुरतं कळत होतं. आणि आता तो सांगणार होता ते धैर्य आलं म्हणून नव्हे. इथे तिला उलट बोलता येत नव्हतं, म्हणून. हेही त्याला कळत होतं. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

त्यानं नळी तोंडाशी घट्ट धरली.

"लोरीनबाई, ती गोष्ट मी रचली. फळी तेवढी खरी. ती आम्हाला जशी मिळाली तशीच आहे. बाकी सगळं माझं. तो समुद्रात पडला, पत्र खिशात राहिलं, सगळं. तो कोण होता मला माहीत नव्हतं. तो मेला की जिवंत आहे मला माहीत नाही. मी शोधलंसुद्धा नाही कधी. लोक रडायचे, म्हणून सांगत गेलो. मला लाज वाटते."

मग तो आरशात बघत राहिला. म्हातारीनं मान वळवून खाली, नदीकडे बघितलं. फुलं कुठे दिसत नव्हती. मग तिनं पुन्हा समोर बघितलं, सरळ आरशात, आणि हळूहळू हात उचलून डोक्यावर ठेवला.

उतरताना विमान दोनदा आपटलं. नवशिक्यासारखं. डब धावत आला आणि वेंडेलचा चेहरा बघून त्याच्या जिभेवरचा विनोद जिभेवरच राहिला.

इंजिन थांबलं. लोरीनबाईंनी स्वतःच पट्टे सोडले, पंखावर उतरल्या आणि पुढच्या सीटजवळ येऊन उभ्या राहिल्या. वेंडेलला वाटलं, आता कानफटात बसणार. बसली असती तर बरंच झालं असतं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "मागे बस."

"मॅम?"

"मागे. माझ्या जागेवर. आणि ती टोपी घाल."

कार्ला खालून म्हणाली, "मावशी, काय चाललंय? पडशील!"

"मी कापणी यंत्रावर चढत मोठी झालेय. तू गाडीत बस, मी आले." डबनं न सांगताच हात पुढे केला, आणि तेवढ्यापुरता तो त्यांनी घेतला. वरच्या पंखाखालून अंग चोरून त्या पुढच्या सीटवर बसल्या.

वेंडेल मागे बसला. टोपी तिच्या घामानं अजून ओलसर होती. पायाखाली फळी होती. पाय सरळ ठेवले तर बूट बरोबर नावावर पडत होते, म्हणून त्यानं गुडघे वर घेतले, शाळेत बाकावर कोंडलेल्या मुलासारखे. पाय कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना.

आरशात तिचे डोळे दिसले. तिनं नळी उचलली.

"ऐकू येतंय?"

इंजिन बंद असलं की नळीतला आवाज कानात नाही, कवटीतच बोलतो. वेंडेलनं डोक्यावर हात ठेवला.

"पास्टरना मी आत्ता घरी जाऊन फोन करते. न जाणो, जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचायला नको. तेवढं एक तू वेळेवर सांगितलंस. फुलांचं जाऊ दे. फुलं माझ्याच अंगणातली होती."

तिचा श्वास नळीतून ऐकू येत होता.

"माझा नवरा अर्ल. भला माणूस. गहू, गाई आणि चर्च, यापलीकडे कुठे गेला नाही. पण बाजारातून यायला जरा उशीर झाला की मी दारात उभी. कुठे होतास, कोण होतं बरोबर? दुकानात एखाद्या बाईशी तो पावसापाण्याचं बोलला तरी घरी माझं तोंड फुगलेलं. पुरुष जातोच, हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकून बसले होते ना. शेवटच्या दुखण्यात तो मला म्हणाला, लोरीन, मी कुठे गेलो होतो ते एकदा सांग तरी. मी काही बोलले नाही. आणि तो गेला."

हँगरच्या दाराशी तीनची मंडळी जमायला लागली होती. कोणीतरी लहान मुलाला खांद्यावर घेतलं होतं.

"मग तुझी गोष्ट आली. मी त्याच दिवशी अर्लच्या कबरीवर गेले. म्हटलं, अर्ल, मला कोणी टाकलं नव्हतं रे. तो पोरगा मेला होता बिचारा. मी वेडी, त्याचा राग जन्मभर तुझ्यावर काढला. मला माफ कर. आणि वेंडेल, त्यानं केलं असं मला वाटलं. खरंच वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी गाढ झोपले."

वेंडेलच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला हात उचलावा, तर तो तिला दिसला असता.

"आता तू म्हणतोस, माहीत नाही. मेला की मला विसरला, कोणालाच माहीत नाही. म्हणजे आयुष्यात एकदाच मी नवऱ्याची माफी मागितली, ती तुझ्या थापेच्या जोरावर. मग आता त्याच्याकडे परत जाऊन मी काय सांगू? माफी ठेवू का परत घेऊ?"

आरशातले डोळे त्याच्यावरच होते.

"सांग ना."

वेंडेलनं तोंड उघडलं. हात आपोआप नळी शोधायला गेला. मागच्या सीटवर नळीचं तोंड नसतं, ते दोन कान तेवढे असतात. ओरडला असता तर तिला ऐकू गेलं असतं, हातभर अंतर होतं. पण ओरडून सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीही नव्हतं.

"अरे हो," नळीतून आवाज आला. "तिथून बोलता येत नाही, नाही का."

तिनं नळी दुसऱ्या हातात घेतली.

"ऐकलंस ना सगळं?"

त्यानं डोक्यावर हात ठेवला.

"ठेव तसाच," ती म्हणाली.

नळी तिनं तिच्या आकड्याला नीट अडकवली. डबचा हात न घेता ती पंखावरून खाली उतरली, टेबलाशी गेली, 'पाय'चं रिकामं ताट उचललं, आणि गाडीत जाऊन बसली. दाराशी जमलेल्यांपैकी एक बाई शेजारणीला म्हणाली, "हाच ना तो गोष्ट सांगणारा? सुरू झालं वाटतं." डब त्यांच्याकडे गेला आणि आज गोष्ट नाही, एवढंच म्हणाला. लोक गेले नाहीत. त्या पिवळ्या पंखांच्या विमानात डोक्यावर हात ठेवून बसलेल्या माणसाकडे ते बघत उभे राहिले, आणि कार्लाची गाडी फाटकाबाहेर पडून तिची धूळ खाली बसेपर्यंत वेंडेलनं हात काढला नाही.